कॅरेज नसलेली सायकल

बाळांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. महाडच्या दुकानात दोन रेंजर सायकली उभ्या आहेत. एकीला फक्त पुढे स्प्रिंग आणि मागे कॅरेज. दुसरीला पुढे-मागे स्प्रिंग, खड्डा आला की गादीवर बसल्यासारखी झुलणारी. मुंबईहून सुट्टीवर आलेले बाबा रंजिताला म्हणाले, “बोल, कुठची घ्यायची?”

रंजिताने झुलणारीवर हात ठेवला.

“हिला मागे कॅरेज बसत नाही हं,” दुकानदाराने बजावलं.

“मंग रूपाली कुठं बसंल गो?” बाबांनी विचारलं.

“ती येईल की चालत. रोज येतेच!”

रंजिता आणि शेजारची रूपाली वाडीवरून पोलादपूरच्या शाळेत दोघी मिळून जात. वाटेत रान लागे.

सायकल आली आणि थोड्याच दिवसांत वर्गातली रूपालीची जागा रिकामी राहू लागली. रंजिता तिच्या घरी विचारायला गेली.

“सोबत होती तवर धाडली,” रूपालीची आई तुळसा म्हणाली. “एकली पोर रानातनं कशी धाडू? आता शेरडं राखते ती.”

दुसऱ्या सकाळी रंजिताने सायकल पडवीतच ठेवली आणि दप्तर घेऊन तुळसाच्या दारात आली. “काकी, मी चालत जातेय. रूपालीला धाड ना.”

“ती कवाच गेली शेरडं घेऊन. आन् तुझा काय भरवसा गो? आज चालशील, उद्या परत उडशील.”

रंजिता एकटीच शाळेत गेली. पुढच्या सकाळी ती पुन्हा चालतच तुळसाच्या दारात आली, शेरडं सुटायच्या आधी.