बदली खेळाडूचे बाबा

चारुदत्तने एक बूट घातला, दुसरा हातात धरला आणि टीव्हीकडे पाठ करून उभा राहिला. सिंगापूरच्या आंग मो किओ भागातल्या फ्लॅटमध्ये सकाळपासून त्याच्या येरझारा चालल्या होत्या. आज त्याचा मुलगा क्षितिज क्रिकेट लीगमधली आपली पहिली मॅच खेळणार होता, तीही भारतात, भरलेल्या स्टेडियममध्ये. म्हणजे, खेळवलं तर.

या लीगने सगळा घोळ करून ठेवला होता. पूर्वी कसं, अकरा म्हणजे अकरा. कोण कितव्या नंबरला येणार याचा अंदाज असायचा आणि चारुदत्तला वेळेवर घराबाहेर पडता यायचं. आता मॅच अर्ध्यावर आली की एकाला बसवून दुसऱ्याला उतरवतात. क्षितिज तसा बदली फलंदाज होता. तो कधी उतरेल याचा नेम नाही, मग बापाने बूट घालायचे तरी कधी?

कारण क्षितिजची बॅटिंग चारुदत्त बघत नसे. शाळेच्या एका मॅचला तो जरा कॉफी प्यायला गेला आणि पोराने पन्नास काढल्या. पुढच्या मॅचला डोळे लावून बसला, तर शून्य. झालं, मनात पक्कं बसलं. तुआसच्या गोदीत जहाजांची इंजिनं उघडून पुन्हा जोडणारा हा माणूस, पण इथे त्याची अक्कल चालेना. मुलगा पॅड बांधू लागला की हा उठायचा. का, ते मुलाला कधी सांगितलं नाही. सांगितलं की गुण जातो, अशी त्याची खात्री होती. बायकोला, मेधाला, तेवढं ठाऊक होतं आणि तिलाही बोलायची बंदी होती.

"अहो, निघा आता. त्याने पॅड बांधलेत," मेधा म्हणाली.

त्याने दार उघडलं, तोच मागून क्षितिजचा आवाज आला. ही लीगची आणखी एक नवी टूम. बाकावर बसलेल्या खेळाडूला माइक लावायचा आणि समालोचकांनी त्याच्याशी गप्पा मारायच्या. सिंगापूरला घरी कोण कोण बघतंय, असं त्यांनी विचारलं होतं. क्षितिज हसत हसत इंग्रजीत सांगत होता, "आई बघतेय. बाबा खाली गेले असतील. मी खेळायला लागलो की ते उठून जातात. त्यांना माझं क्रिकेट आवडत नाही."

समालोचकही हसले. चारुदत्त दारातच थिजला. इतकी वर्षं पोरगा हे मनात धरून बसला होता, आणि बापाला पत्ताही नव्हता. त्याला रडू फुटेलसं वाटलं.

तेवढ्यात विकेट पडली. माइक काढून, हेल्मेट चढवून क्षितिज मैदानात निघाला. आज चुकला तर पुन्हा कधी उतरवतील कोण जाणे, त्याच्या जागेवर टपलेले बाकावर कमी नव्हते. खाली गेलं तर पोराचं नशीब राखलं जाणार होतं. चारुदत्तचे पाय बाहेर ओढ घेत होते.

त्याने बूट काढला, दार लावलं आणि मेधाशेजारी येऊन बसला.

"अहो, नका ना," ती कुजबुजली.

तो हलला नाही. दुसऱ्याच चेंडूवर क्षितिजने पुल मारला आणि चेंडू सरळ सीमारेषेवरच्या फील्डरच्या हातात गेला. शून्य. मेधाने डोळ्याला पदर लावला. चारुदत्त स्वतःला शिव्या घालत बसून राहिला.

मॅच संपली, खेळाडूंना त्यांचे जमा केलेले फोन परत मिळाले आणि क्षितिजचा फोन आला. मेधाने स्पीकर लावला. चारुदत्त फोनजवळ सरकला.

"पुल मारताना तुझं डोकं एका बाजूला झुकलं," तो कसाबसा म्हणाला. "मागचा पाय हललाच नाही."



"बाबा, तुम्ही बघत होता?"

"हो. म्हणून तर..." चारुदत्तला आज सगळं कबूल करून टाकायचं होतं. पण ऐकायला होतं कोण? पलीकडे शून्यावर बाद झालेला पोरगा आनंदाने सिंगापुरी हेलात सांगत सुटला होता, "आई, ऐकलंस? बाबांनी मला आउट होताना बघितलं, लाह."