मशीन पाणी घेत नाही

"आधी कॉक बंद कर आणि मग पाइप काढ," हितेंद्र म्हणाला.

"केला बंद," सुलक्षणा म्हणाली.

सिंकखाली तेलाच्या डब्याला टेकवून तिने फोन उभा ठेवला होता. फोनमध्ये हितेंद्र, त्याच्या मागे मस्कतच्या खोलीतली दोरी आणि दोरीवर वाळत घातलेले शर्ट. शेजारी डिशवॉशरवर नळाच्या चित्राचा लाल दिवा लुकलुकत होता. बटण दाबलं की मशीन थोडा वेळ गुरगुरायचं, पाणी मिळालं नाही की थांबायचं.

तिने पाइप सोडवला, त्याच्या तोंडाची छोटी जाळी काढली आणि फोनसमोर धरली. जाळी स्वच्छ होती. कालही स्वच्छच होती.

"जरा बाजूला घे," तो म्हणाला.

"मग जाळी कशी दिसेल तुला?"

"जाळी नाही बघायची मला."

ती हसली. चेहऱ्यावर आलेले केस तिने मनगटाने मागे सारले.

मशीन बंद पडण्याआधी त्याचा फोन बाहेरच्या खोलीत यायचा आणि तिथेच संपायचा. आधी त्याचे वडील, नाना, बोलायचे. मग त्याची आई, अक्का, खूप वेळ बोलायची, मग जाऊबाईंची मुलं. फोन सुलक्षणाच्या हाती येईपर्यंत त्याची ड्यूटीची वेळ झालेली असायची. सगळ्यांच्या देखत, टीव्हीच्या आवाजात, ती विचारायची, "तुम्ही जेवलात?" तो म्हणायचा, "हो." तेवढंच.

आता तो नानांशी दोन शब्द बोलायचा आणि अक्काला सांगायचा, की फोन सुलक्षणाकडे दे, मशीनचं बघू. अक्का लगेच द्यायची. मुलाने एवढ्या हौसेने पाठवलेली वस्तू अडून राहावी, हे तिलाही बरं वाटत नव्हतं. फोन स्वयंपाकघरात यायचा. मशीनचं बघता बघता त्याचं जेवण निघायचं, खोलीतला घोरणारा केरळी माणूस निघायचा, तिची ठेच लागलेली करंगळी निघायची. इथे ती त्याला अरे-तुरे करायची.

बिघाड तिला कालच सापडला होता. तेलाचा डबा सरकवताना त्याचा धक्का मागच्या कॉकच्या दांडीला लागला असावा. कॉक पूर्ण बंद होता. तिने तो उघडला. पाइपमधून पाणी धावल्याचा आवाज ऐकला. मग कॉक पुन्हा बंद केला आणि डबा त्याच्या पुढे ठेवला.

बाहेरून नानांचा आवाज आला. मशीन काय शोभेला ठेवलंय का, असं ते म्हणत होते. पारोळा रोडवरच्या कुंदनला त्यांनी सांगून ठेवलं होतं, फ्रिज-बिज सगळं दुरुस्त करतो तो, सकाळी येईल.

सुलक्षणा जाळी हातात धरून तशीच बसली. कुंदन आला की आधी डबाच बाजूला करणार होता.

"चांगलंय की," हितेंद्र म्हणाला. "तुझी कटकट जाईल." पण मागे वळून तो दोरीवरचा शर्ट उगीच सारखा करू लागला.

तेवढ्यात अक्का आत आली. तिला भांड्यांची पावडर हवी होती. सुलक्षणाने फोन घाईने उचलून घेतला. ती काही म्हणण्याआधीच अक्का वाकली आणि तिने तेलाचा डबा बाजूला केला.

पाण्याच्या दिवशी दारातला कॉक उघडायचं आणि बंद करायचं काम या घरात कायम अक्काचंच होतं. दांडी पाइपला आडवी असली म्हणजे कॉक बंद, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तिने दांडीकडे पाहिलं. मग सुलक्षणाकडे. मग सुलक्षणाच्या हातातल्या फोनकडे, त्यातल्या मुलाकडे.

"अक्का, पाणीच घेत नाहीये गं ते," हितेंद्र म्हणाला.

अक्काने डबा होता तिथे परत ठेवला. जरा आणखी आत सरकवला.

"तू सांग तिले," ती त्याला म्हणाली. "मी जास. भांडा पडेल शेतस."

बाहेर जाऊन ती नानांना म्हणाली, "कुंदनले सांगी द्या, येऊ नको. त्याना हातनं काम नही शे ते." नाना काहीतरी कुरकुरले. अक्का परत आली, खरकट्या भांड्यांचं घमेलं उचलून मागच्या ओट्यावर गेली आणि जाताना तिने दार ओढून घेतलं.

"काय म्हणाली?" हितेंद्रने विचारलं.

"कुंदन येणार नाहीये."

"मग आता काय बघायचं? आतला फ्लोट बघू?"

"काही नको बघू. बस नुसता."

तो खाटेवर मागे टेकून बसला. आज त्याने स्वतः वरण केलं होतं, त्यात मीठ जास्त पडलं होतं. केरळी माणसाने तक्रार न करता सगळं खाल्लं, म्हणून याला आणखी वाईट वाटलं होतं. सुलक्षणा ऐकत होती. ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं, की बाहेरून काहीच आवाज येत नाहीये. अक्का भांडी घासायला बसली की ताटं-पातेली गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायची.

ती उठली आणि तिने खिडकीतून खाली पाहिलं. अक्का खिडकीच्या अगदी खाली, भिंतीला लागून बसली होती. एका हातात ताट, दुसऱ्या हातात घासणी. हात हलत नव्हते. शेजारची बादली तिने अजून ओढलीच नव्हती. तिची मान किंचित वर, खिडकीकडे कललेली होती.

"काय झालं?" हितेंद्रने विचारलं. "ऐकतेयस ना?"

सुलक्षणाने फोनचा आवाज पूर्ण वाढवला आणि फोन खिडकीच्या कट्ट्यावर, गजांना टेकवून ठेवला.

"ऐकतेय," ती म्हणाली. "तू जरा मोठ्यानं बोल."