चौथा प्रश्न

"चौथ्या प्रश्नाला कुणीही हात वर करायचा नाही," झेबानं आठवीच्या वर्गाला पुन्हा बजावलं. "पहिल्या तीन प्रश्नांना भराभर हात. चौथ्याला सगळे गप्प. उत्तर येत असलं तरी."

झेबा बी.एड.ला होती. करमाडजवळच्या या शाळेत सराव पाठ घ्यायला ती शहरातल्या छावणी भागातून यायची. सराव पाठाची एक रीत असते. सुरुवातीला चार प्रश्न विचारायचे. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं मुलांनी द्यायची आणि चौथ्याला अडायचं. मुलं अडली की बाईंनी हसून म्हणायचं, तर आज आपण हेच शिकणार आहोत. मुलं अडलीच नाहीत तर बाई अडतात. मागच्या पाठाला एका पोरानं चौथ्याचंही उत्तर ठणकावून दिलं होतं आणि कॉलेजच्या मॅडमनी शेरा मारला होता, 'पाठ पुन्हा घ्यावा.' तो पुन्हा घ्यायचा पाठ आज होता, आणि झेबाचा या शाळेतला दिवसही शेवटचा. दुधानं तोंड पोळलेली झेबा ताकही फुंकून पीत होती.

दुसऱ्या बाकावरच्या करुणानं विचारलं, "बाई, चौथा प्रश्न काय हाय?"

"लहान वयात लग्न ठरलं, तर मुलीनं मदत कुणाकडं मागायची."

"आन् उत्तर?"

"ते मी पाठात सांगणार. तोवर गप्प."

करुणानं मान हलवली. परवा तिचं लग्न व्हायचं होतं. कुणाला शंका नको म्हणून घरच्यांनी तिला आजही शाळेत धाडलं होतं. वर्गातल्या सगळ्यांना हे माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या झेबाला.

मॅडम आल्या, मागच्या बाकावर बसल्या. पाठ सुरू झाला. मुलीच्या लग्नाचं कायद्यानं वय किती, याला वर्गभर हात वर गेले. त्याआधी लग्न लावलं तर त्याला काय म्हणतात, यालाही गेले, तिसऱ्यालाही गेले. मग झेबानं चौथा प्रश्न विचारला आणि मनातल्या मनात आकडे मोजू लागली.

दुसऱ्या बाकावर एक हात वर आला. अर्धाच, कोपरातून. करुणाला उत्तर येत नव्हतं. तिला विचारायचं होतं. पण झेबाला फक्त हात दिसला. तिनं डोळे वटारले, आणि हात खाली गेला. झेबाच्या जिवात जीव आला.

"तर आज आपण हेच शिकणार आहोत," ती हसून म्हणाली आणि फळ्याकडं वळली.

तेवढ्यात शिपाई दारात आला. त्याच्यामागं डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई उभी होती.

"करुणाला न्यायला तिची आत्या आलीय. घरी पावणे आलेत म्हणं."

मागच्या बाकावर मॅडमनी मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं. करुणा उठून उभी राहिली. तिचे डोळे झेबाच्या काखेतल्या गुंडाळलेल्या तक्त्यावर होते.

"बाई, ते उत्तर सांगून झाल्यावर जाऊ का?"

"जा जा. नंतर विचार कुणाला तरी." झेबाला दार लवकर मोकळं व्हायला हवं होतं.

करुणानं दप्तर भरलं. आपली पट्टी तेवढी शेजारच्या तनुजापुढं ठेवली आणि आत्याच्या मागं निघून गेली.

मग झेबानं तक्ता उलगडला. त्यावर मुलांसाठीचा मदतीचा नंबर लाल अक्षरांत रंगवला होता. सगळ्या वर्गानं एका सुरात म्हटलं, "दहा, नऊ, आठ."

"छान झाला," मॅडम जाताना म्हणाल्या. "चौथ्या प्रश्नाला वर्ग कसा चिडीचूप बसला. आणि मधला व्यत्ययसुद्धा नीट हाताळलात." त्यांनी सही केली आणि शेजारच्या वर्गावर गेल्या.

झेबाच्या डोक्यावरचा डोंगर उतरला. निरोपाला म्हणून आणलेली चॉकलेटं तिनं बाकाबाकावर वाटली. एक उरलं.

"हे करुणाचं. उद्या तिला दे," ती तनुजाला म्हणाली.

तनुजानं हात पुढं केला नाही. "ती आता नाय यायची बाई. परवा दुसऱ्या गावाला लगीन हाय तिचं."

अर्धा वर आलेला तो हात तिला आत्ता कळला. तिनं पर्समधून मोबाइल काढला आणि तक्त्यावरचा नंबर लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मुलीचं नाव विचारलं, मग विचारलं, "लग्न कुठल्या गावाला आहे, ताई?"

"लग्न कुठं आहे?" झेबानं तनुजाला विचारलं.

तनुजा पट्टीकडं बघत राहिली. बोलून बसल्याचा पस्तावा तिच्या तोंडावर दिसत होता.

"कुणाला तरी माहीत असेल. शिवम, तुला?"

शिवम उभा राहिला, पण त्यानं मान वर केली नाही. "बाई, तुम्ही उद्यापास्नं येणार नाय. आमाला हितंच राहायचंय."

"बोलू नका," झेबाचा आवाज चिरकला. "ज्याला गाव माहीत आहे त्यानं नुसता हात वर करा. मी त्याला बाहेर नेऊन विचारते. कुणाचं नाव सांगणार नाही."

"हॅलो, ताई? गाव सांगताय ना?" फोनमधून आवाज आला.

वर्गातले सगळे हात बाकाखाली गेले होते.