नकाशातलं मोहाचं झाड

मूल शहरातल्या माझ्या छपाईच्या दुकानात मी चैतूभाऊंच्या गावाचा नकाशा बनवत होते, ग्रामसभेच्या बोर्डासाठी. गाव ज्याला देव मानतं ते मोहाचं झाड नेमकं गावाच्या नावाच्या अक्षरांवर येत होतं. मी कॉम्प्युटरवरच्या एआयला सांगितलं, "झाड खाली घे." त्याने क्षणात घेतलं.

दुपारी चैतूभाऊ तणतणत आले. "दिव्यानी, न विचारता देव काऊन हलवला?"

नकाशा मी त्यांना अजून दाखवलाच नव्हता. तरी माझंही डोकं फिरलं. "भाऊ, चित्र हाय ते! इतका तमाशा काऊन?"

"चित्राचं कोण बोलून राह्यलं?" त्यांनी टेबलावर मूठ आपटली. मूठ ओल्या मातीने भरलेली होती. "झाड माह्या घराच्या जागी उभं हाय. माही घरवाली कमळा आत भात रांधून राह्यली होती. तिले काढ बाहेर!"

स्क्रीनवर झाड बरोबर त्यांच्या घरावर बसलेलं होतं. मी घाईघाईने लिहिलं, "झाड होतं तिथे ने."

झाड वर गेलं. खाली नुसती पांढरी जागा होती.

"घर कुठी गेलं?" मी स्क्रीनवरच ओरडले.

उत्तर उमटलं : "या जागी घर नव्हतं."

चैतूभाऊंची टेबलावरची मूठ सैल झाली.

"कोणाचं घर, पोरी?" त्यांनी शांतपणे विचारलं.