चाकाला हात

“जा, हात लावून ये,” दयाराम म्हणाला.

अजितने इंजीन बंद केलं. चावी काढली, परत लावली, परत काढली. पण तो खाली उतरला नाही.

ट्रक मुरुडच्या वाटेवर घाटमाथ्यावर उभा होता. मागे सिमेंटच्या गोण्या. पुढे उतार, उताराच्या तळाशी गाव, आणि गावाच्या तोंडाशी वळणावरच शाळा. रस्त्याच्या कडेला शेंदूर फासलेला एक दगड होता. येणारेजाणारे ड्रायव्हर तिथे हॉर्न वाजवायचे.

कंपनीने अजितला शिकायला दयारामच्या हाताखाली दिलं होतं. दयारामची हयात गाडीवर गेलेली. चालवायचा अजित, बाजूला बसायचा दयाराम. तो फार बोलायचा नाही. करून दाखवायचा. रोज या माथ्यावर गाडी थांबवायला लावायचा. उतरून दगडाला हात जोडायचा. मग गाडीला फेरी घालायचा. प्रत्येक चाकापाशी वाकायचा, चाकाच्या मधोमध तळवा टेकवायचा, क्षणभर थांबायचा आणि तोच हात छातीला लावून पुढच्या चाकाकडे जायचा. त्याच्या प्रत्येक शर्टाला छातीपाशी काळा डाग होता. धुऊनही न गेलेला.

पहिल्या दिवशी तो म्हणाला होता, “तू पण ये.”

“तुम्ही या, काका,” अजित म्हणाला होता.

दयारामने त्याच्याकडे नीट पाहिलं होतं. तेव्हापासून त्याचं बोलणं आणखी कमी झालं.

अजितच्या आजाने बौद्ध धर्म घेतला तेव्हा घरातले देव खाडीत सोडले होते. अजितचा बाप भागोजी मिठागरावर राबला. त्याचं एक सांगणं होतं. “हात मळू दे, ते धुता येतात. जोडलेले हात सोडवायला आपल्याला पिढ्या गेल्या.”

आणि सकाळी नव्या शर्टाला इस्त्री करताना त्याची बायको जयमाला म्हणाली होती, “त्या काकांशी वाद घालू नका. आजचाच दिवस आहे.” मासळीच्या टेम्पोवरची जुनी नोकरी अजितने सोडली होती. तिथे दुसरा माणूसही लागला होता. आज संध्याकाळी दयाराम हो म्हणाला तर गाडी हातात येणार होती. नाही म्हणाला तर घरी.

अजितने आरशात पाहिलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. चाकांना हात लावून यायला वेळ तो कितीसा. भागोजीला कोण सांगणार होतं?

“झोपलास काय रं?” दयाराम म्हणाला. “आज मी उतरनार न्हाय. आज तुझी गाडी हाय.”

अजितने दार उघडलं. एक पाय पायरीवर ठेवला. मग तो पाय परत आत घेतला.

“काका, रागावू नका,” तो म्हणाला. “गाडी नाय मिळाली तरी चालंल. मी पाया पडत नाय.”

“कुणाच्या?”

“दगडाच्या नाय आणि चाकाच्या पण नाय. आमच्यात करत नाय.”

दयाराम आपल्या बाजूने उतरला, गाडीला वळसा घालून आला आणि अजितच्या दंडाला धरून त्याला खाली घेतलं. दगडाकडे त्याने पाहिलंही नाही. पुढचं चाक त्याने स्वतः हात लावून पाहिलं. मागच्या उजव्या चाकापाशी त्याने अजितचा हात धरला आणि चाकाच्या मधोमध टेकवला.

अजितने हात झटकन मागे घेतला. तळवा भाजला होता.

“चढावर कितींदा ब्रेक मारलास?” दयारामने विचारलं.

“एकदापन नाय.”

“मग हा कशानं तापला?”

अजित चाकाकडे बघत राहिला. मग उताराकडे. खाली शाळा सुटत होती. पोरांचा आवाज वरपर्यंत येत होता.

“ब्रेक चिकटलाय,” तो हळू म्हणाला.

“चिकटलाय. असाच उतरला असतास तर खाली शाळेपाशी ब्रेक लागला नसता.” दयाराम चाकाशेजारी उकिडवा बसला. “आठवडाभर मी चाकांच्या पाया पडतो असा वाटला तुला?”

“हात छातीला लावत होता तुम्ही.”

“पुसत होतो. काळा होतो हात.” मग तो म्हणाला, “आनि मना वाटला, तुला हात मळवायची लाज वाटते. काल ऑफिसात मी तसाच सांगितला. म्हटला, पोरगा गाडी बरी चालवतो, पन गाडीला हात लावत न्हाय. नको हा आपल्याला.”

अजितला भागोजीचे हात आठवले. मिठाने चिरलेले.

दयारामने खिशातून फोन काढून ऑफिसात लावला. “विनेश, मिस्त्री पाठव माथ्यावर. ब्रेक धरलाय. आनि ऐक, त्या पोराबद्दल काल जे बोललो ते सोड. गाडी त्याला दे.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. “माझा चुकला म्हनून,” दयाराम म्हणाला आणि फोन ठेवला.

“बाकीची चाकं बघून घे,” तो अजितला म्हणाला. “मिस्त्री येईपर्यंत.”

तो स्वतः दगडापाशी गेला आणि त्याने हात जोडले. अजित गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेला. चाकापाशी वाकला. मधोमध तळवा टेकवला, थांबला. गार होतं. हात काळा झाला होता. पुसायला जवळ काही नव्हतं. त्याने तो नव्या शर्टावर, छातीपाशी पुसला आणि पुढच्या चाकापाशी वाकला.

मुरुडहून येणारी एसटी चढ चढत हळूहळू शेजारून गेली. खिडकीतल्या एका म्हातारीने त्याला वाकलेलं पाहिलं आणि घाईघाईने ट्रकला हात जोडले.