सर ऑब्री बसून राहतात

"उठायचे कष्ट नकोत, सर ऑब्री. आम्ही उचलून नेतो," मंत्र्याचा माणूस वाकून म्हणाला. मागे दोन दांडगे सभासद उभेच होते.

जॉर्ज राजाच्या अमदानीत लंडनच्या संसदेत मतदानाची रीत अशी होती: कर हवा त्यानं दालनाबाहेर जायचं, नको त्यानं बाकावर बसून राहायचं. आजचा कर मिठावरचा. मीठ महागलं तर सर ऑब्रींच्या कुळांनी हिवाळ्यासाठी साठवायचं मांस सडणार होतं. पण ते बाहेर गेले तरच त्यांच्या मुलाला आरमारात कप्तानी मिळणार होती.

"मी बसणार आहे."

"बसा की!" तो हसला. "वातानं पाय धरले म्हणून म्हातारा अडकला, असंच सांगू आम्ही सगळ्यांना."

सर ऑब्रींच्या मस्तकात तिडीक गेली. हातातली काठी त्याच्या छातीवर आपटून ते उठले. सुजलेले पाय पावलागणिक ठणकत होते. अख्ख्या सभागृहादेखत ते दारापर्यंत चालत गेले, उंबरठ्याशी थांबले, वळले आणि तसेच चालत परत आले.

मग बाकावर ऐसपैस बसले.

"हं, आता मोजा मला!"