तेलाचा लाल दिवा

“आबा, गाडी इकायची हाय न्हवं?” पप्पूनं मीटरचा डबा मांडीवर पालथा घातला. “मग ह्यो तेलाचा बल्ब कशापायी घालायचा?”

“घाल म्हनतोय तर घाल की.”

“लोकं गाडी इकायच्या आदी ह्यो बल्ब काडून घ्यायला येत्यात माज्याकडं. घालून घेनारे तुमीच पयले.”

“मग बघून घे नीट. आन् घाल.”

पप्पू हसला आन् कामाला लागला. इस्लामपुरात स्टँडच्या मागं त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. नाथाजी बाहीर टायरवर बसला, च्या फुकत. गाडी पांढरी, लय जुनी. मीटरमागचे बल्ब एकएक करून गेलेले. रातचं चालवायची म्हंजे काटा कुटं हाय ते अंदाजानंच. पन नाथाजीचं त्यावाचून काय अडत नव्हतं. गाडी किती पळतीया ते त्याला खिडकीतल्या वाऱ्यावरनं कळायचं.

तेलाच्या दिव्याची गोष्ट निराळी. इंजनात तेलाचा दाब कमी झाला की त्यो लाल दिवा पेटतो. नाथाजीच्या गाडीत त्यो एक पावसाळाभर पेटलेलाच हुता. इंजन गरम झालं की लागायचा, मग इझायचं नावच न्हाई. शेवटी बल्बच जळून गेला, तवा नाथाजीनं सुटकेचा सुस्कारा सोडला हुता.

आज त्योच दिवा त्याला परत पायजे हुता.

कारन त्याचा पोरगा, जयराज. मिलिटरीत हाय, राजस्थानात. त्यानं नवी गाडी घेतली आन् फोनवरनं हुकूम सोडला, “जुनी काडून टाका. नवी तुमी चालवायची न्हाई आबा. कुटं जायचं झालं तर डायवर सांगा.” समदं पावनं-रावळं ऐकत बसल्यालं. नाथाजी “बरं” म्हनला. मिलिटरीवाल्या पोराला चारचौघांत न्हाई कसं म्हनायचं? गिऱ्हाईक पन जयराजनंच हुडकलं. आटपाडीचा नानासो, डाळिंबवाला.

गाडी गेली की नाथाजीचं फिरनं संपलं. गुरवारचा बाजार, कारखान्यावरची बैठक, उगं मनात आलं म्हनून कृष्णेच्या काठाला जाऊन बसनं, समदं डायवरला इचारून. शब्द तर मोडायचा न्हाई. मग उरला एकच रस्ता. गिऱ्हाइकानं आपनहून पाय मागं घ्यायचा.

“झालं बघा,” पप्पूनं चावी फिरवली. मीटर उजळला. बॅटरी, ब्रेक, तेल, समदं लालभडक. “आता इंजन गरम झालं की तेलाचा इझायचा न्हाई आबा. मी सांगून ठेवतो.”

“इझायला बी नगं,” नाथाजी म्हनला.

घरी मनुबाई दारातच हुती. “एवडं हसताय कशापायी? गाडी इकताय का लगीन करताय दुसरं?”

“नवरी बघायला पावना यायचाय,” नाथाजी म्हनला. “नटवून आनलीय.”

दिस कलायला लागला तसं त्यानं गाडी पानंदीनं दोनदा फिरवून आनली. इंजन चांगलं तापाय पायजे हुतं. फाटकात आला तर तेलाचा दिवा देवापुडच्या समईगत तेवत हुता. नाथाजीनं त्याला हात जोडायचंच काय ते बाकी ठेवलं.

नानासो यष्टीनं उतरून चालत आला. उंचापुरा, डोक्याला टापर, बोलाय कमी. पानी पिला आन् सरळ गाडीत जाऊन बसला. चावी फिरवली. समदे दिवे लागले. इंजन चालू केलं. बॅटरीचा गेला. तेलाचा ऱ्हायला.

नानासो दिव्याकडं बघत बसला.

“त्यो जात न्हाई,” नाथाजी खिडकीत वाकून म्हनला. “इंजनात दम न्हाई पावनं. खोटं कशापायी बोलू.”

“बरं.”

“गेर बी अडकतोय. दुसरा.”

“बरं.”

“डाव्या दाराखाली सडलीय. वरनं रंग मारलाय, दिसायचं न्हाई. हितं बोट लावा. लावा की!”

नानासोनं बोट लावलं. रंगाचा पापुद्रा हातात आला. मागनं मनुबाई दबक्या आवाजात म्हनली, “आवं, येडं लागलंय का तुमास्नी?” नाथाजीनं ऐकलं न्हाई. उलट पावसात टप कुटं गळतोय ते बी सांगून टाकलं.

नानासोनं इंजन बंद केलं. खाली उतरला. गाडीभवती एक फेरी मारली, टायरला लाथ घातली आन् तोंड पाडून उसाकडं बघत हुबा ऱ्हायला. नाथाजीच्या छातीवरचा दगुड उतरला.

“आसूंदे पावनं,” त्यो मायेनं म्हनला. “मनाला लावून घिऊ नगा. च्या घिऊन जावा. दुसरी गावंल चांगली.”

“तीन बघून आलोय आबा,” नानासो म्हनला. “चावी फिरवली की तेलाच्या जागी अंधार. बल्बच काडल्यालं. इचारलं तर म्हनत्यात, गाडी लोन्यागत हाय. आमी धनगर मानसं. माजा बा बाजारात मेंढरू घ्यायचा तवा दात बघायचा न्हाई, धन्याला एकच इचारायचा, खोड काय हाय? त्यानं सांगितली की तितंच सौदा. इंजन काय, माजा भाचा मेस्त्री हाय, त्यो बांधून दील. खरं बोलनारा धनी कुटं गावतोय?” त्यानं टापर काडली, नाथाजीच्या पायाला हात लावला आन् त्योच हात फुडं केला. “आना चावी. आजच न्हेतो.”